चार किलोवॅटचा रडार, मीटरवर फक्त दीड वॅट

संध्याकाळी ठाणे स्टेशनला पनवेल लोकल लागली की जिना दोन मिनिटं जाम होतो आणि मग पुढची गाडी येईपर्यंत मोकळा. आता कोणी दिवसभराची सरासरी काढून म्हणाला की मिनिटाला इतकीच तर माणसं आहेत, जिना भरपूर रुंद आहे, तर त्याला सात वाजता तिथेच उभा करावासा वाटेल ना?

रडारचं पण असंच असतं. बोटीवरचा छोटा रडार घ्या, पीक पॉवर, म्हणजे सिग्नल सोडतानाची क्षणभराची ताकद, ४ किलोवॅट, पण पल्स (एकेक झटका) फक्त ०.८ मायक्रोसेकंदाचा आणि सेकंदाला असे ५०० पल्स. म्हणजे सेकंदातला जेमतेम ०.०००४ भाग तो बोलतो, बाकी वेळ गप्प, म्हणून सरासरी निघते १.६ वॅट. ही पॉवर मोजायला पॉवर मीटरला सेन्सर जोडतात. साधा थर्मल सेन्सर उष्णतेवर चालतो, त्याला पल्स दिसतच नाही, त्याला ही सरासरीच कळते. मग लोक त्या आकड्याला ड्युटी सायकलने (म्हणजे वरच्या ०.०००४ ने) भागून पीक काढतात, आणि पल्स अगदी चौकोनी असेल तर ते चालतंही, पण खरी रुंदी ०.७ निघाली आणि तुम्ही ०.८ धरली की उत्तर १२ टक्के कमी आलंच.

डायोडवाला सेन्सर घेऊन हेच केलं तर आणखी घोळ. डायोड साधारण १० मायक्रोवॅटच्या खालीच पॉवरच्या प्रमाणात व्होल्टेज देतो, त्याच्या वर त्याचा हिशोब बदलतो. कपलर आणि अॅटेन्युएटर (सिग्नलचा थोडासाच भाग सेन्सरकडे जाऊ देणारे भाग) मिळून ५० डीबी, म्हणजे लाखपट घट, लावले तरी ४ किलोवॅटचे ४० मिलीवॅट उरतात, म्हणजे ती हद्द कधीच ओलांडलेली. म्हणून पल्ससाठी पीक सेन्सर लागतो, जो पल्सचा आकारच स्क्रीनवर काढून दाखवतो.

पण तो आणला म्हणजे झालं असं नाही! रबाळ्याला एका गाळ्यात माझा मित्र बोटींचे रडार दुरुस्त करतो, त्याच्याकडे एकदा बसलो होतो. लाँग पल्सला रीडिंग व्यवस्थित, शॉर्ट पल्सला, म्हणजे ०.०८ मायक्रोसेकंदाला, थेट निम्मं. मित्र म्हणाला मॅग्नेट्रॉन (रडारचा पल्स तयार करणारी नळी) गेला, आणि नव्याचा भाव विचारायला फोन पण उचलला. मी म्हटलं थांब रे, आधी सेटिंग बघू. तर कोणीतरी नॉइज कमी दिसावा म्हणून व्हिडिओ बँडविड्थ (सेन्सर किती जलद बदल टिपू शकेल ती मर्यादा) १.५ मेगाहर्ट्झवर ठेवलेली. ०.३५ भागिले बँडविड्थ केलं की सेन्सरला वर चढायला किती वेळ लागतो ते साधारण कळतं, इथे आला ०.२३ मायक्रोसेकंद. बिचारा सेन्सर अर्ध्या वाटेवर असतानाच पल्स संपत होता. ३० मेगाहर्ट्झ केल्यावर चढायचा वेळ १२ नॅनोसेकंदाच्या आसपास आला आणि मॅग्नेट्रॉन एकदम बरा झाला :)

ट्रिगरचं, म्हणजे मीटरने मोजायला कधी सुरू करायचं त्याचं, सांगायचं तर फ्री रनवर (कशाचीही वाट न बघता) ठेवलात तर आकडा नाचत राहतो, कारण मीटर कधी पल्सवर बघतो कधी पल्समधल्या शांततेवर. रडारकडून ट्रिगरची वायर मिळत असेल तर तीच घ्या, नाहीतर सिग्नलच्या लेव्हलवर ट्रिगर करा. मग गेट लावायचा, म्हणजे पल्सचा कुठला तुकडा मोजायचा ते सांगायचं. चढतानाचं टोक आणि उतार सोडून मधला सपाट भाग घ्या, तो मूळ पॉवर. टोकाचा आकडा धरलात तर पॉवर उगाच जास्त दिसेल. अॅव्हरेजिंग ६४ ठेवलं, म्हणजे ६४ मोजमापांची सरासरी घेतली, तर नॉइज आठपट कमी होतो, पण प्रत्येक पल्स वेगळा येत असेल तर तो फरकही त्यात बुडून जातो, म्हणून मी आधी अॅव्हरेजिंग बंद करून एकदा बघतोच.

मीटर झीरो करताना सिग्नल बंद हवा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच विसरतात. कॅलिब्रेशन बहुतेक मीटरवर ५० मेगाहर्ट्झच्या १ मिलीवॅट रेफरन्सवर होतं, पण रडार चालतो ९.४ गिगाहर्ट्झला, म्हणून मीटरला ती फ्रिक्वेन्सी सांगावी लागते, तेव्हाच सेन्सरचा त्या फ्रिक्वेन्सीचा कॅलिब्रेशन फॅक्टर (दुरुस्तीचा आकडा) लागू होतो.

शेवटी ऑफसेट, म्हणजे कपलर-अॅटेन्युएटरने केलेली घट मीटरला सांगायचा आकडा. मित्राच्या जोडणीवर ५० डीबी लिहिलंय पण ९.४ गिगाहर्ट्झला मोजलं तर ४९.६ निघालं. एवढ्याशा फरकाने रीडिंग जवळजवळ १० टक्के जास्त दाखवत होतं. आता त्याने त्यावर पांढऱ्या पट्टीवर पेनाने ४९.६ लिहून चिकटवलंय, आणि गाळ्यात नवा मुलगा आला की आधी ती पट्टी वाचून दाखवायला सांगतो.