दोरीतून उलगडणारे वर्तुळ

ठाण्याला नौपाड्यात राहणारी माझी भाची यंदा आठवीत आहे. घटक चाचणीत ७ सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ तिने ४४ असे लिहिले. ४४ हा त्या वर्तुळाचा परीघ. क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटीमीटर. ही दोन सूत्रे एकमेकांच्या जागी लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि घरोघरी त्यावर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे सूत्र दहा वेळा लिहून काढणे. भाचीने मात्र पेपर दाखवताना मला विचारले, "मावशी, परीघ दोऱ्याने मोजता येतो. पण क्षेत्रफळात त्रिज्येचा वर्ग कुठून आला? वर्तुळ तर गोल असतं." या प्रश्नाचे उत्तर तिला हाताने करून मिळावे, असे मला वाटले.

जांभळी नाक्याच्या बाजारातून आम्ही ५ मिलिमीटर जाडीची सुती दोरी आणली. पुठ्ठ्यावर डबल साइड टेपच्या पट्ट्या लावून, मध्यापासून सुरुवात करून, त्रिज्या ७ सेंटीमीटर होईपर्यंत दोरीचे एकाला एक चिकटून वेढे घातले. असे १४ वेढे बसतात. मग कटरने (हे काम मोठ्यांनीच करावे) मध्यापासून कडेपर्यंत एका त्रिज्येवर चीर दिली, सुटे झालेले तुकडे सरळ केले आणि सर्वांत लांब तुकडा तळाला, त्यावर त्याहून लहान, अशा क्रमाने डावी टोके जुळवून वर्तमानपत्रावर मांडले. पाहता पाहता काटकोन त्रिकोण तयार झाला. त्याची उंची म्हणजे वर्तुळाची त्रिज्या आणि पाया म्हणजे परीघ. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे असते, हे तिला आधीपासून ठाऊक होते. म्हणून ४४ गुणिले ७ भागिले २, म्हणजेच १५४.

आता 'वर्ग' कुठून आला तेही दिसते. परीघ म्हणजे २ गुणिले 'पाय' (π, सुमारे ३.१४) गुणिले त्रिज्या, म्हणजे त्यात त्रिज्या एकदा आहेच. तिला उंचीच्या रूपाने पुन्हा त्रिज्येने गुणले, की त्रिज्येचा वर्ग होतो. परिघातले २ आणि त्रिकोणातले निम्मे एकमेकांना रद्द करतात आणि 'पाय' गुणिले त्रिज्येचा वर्ग एवढेच उरते.

मला स्वतःला या कृतीत सर्वाधिक आवडते ती त्रिकोणाची तिरकी बाजू. ती सरळ का येते? भाचीने तुकडे मोजले तेव्हा कडेकडून ४२.३, ३९.२, ३६, ३२.९ सेंटीमीटर अशी मापे आली. दर वेळी फरक ३ सेंटीमीटरहून किंचित अधिक. कारण एका वेढ्याने त्रिज्या अर्धा सेंटीमीटर वाढते, म्हणजे व्यास १ सेंटीमीटर वाढतो, आणि व्यास १ सेंटीमीटर वाढला की परीघ बरोबर 'पाय' इतका, म्हणजे ३.१४ सेंटीमीटर वाढतो. वेढा मध्याजवळचा असो वा अगदी कडेचा, ही वाढ तीच राहते. ती कमीजास्त झाली असती, तर तिरकी बाजू वाकडी आली असती आणि त्रिकोणाचे सूत्र आपल्या कामी आले नसते. 'पाय' ही संख्या पुस्तकात गुणोत्तर म्हणून भेटते. येथे ती पट्टीवर लांबी म्हणून मोजता येते.

चौकस मूल येथे हरकत घेईल आणि ती घेतली पाहिजे. वाकवलेल्या दोरीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, मग सरळ करताना क्षेत्रफळ बदलत नाही का? शेवटच्या वेढ्याची बाहेरची कड ४४ आणि आतली ४०.८ सेंटीमीटर असते. सरळ झाल्यावर दोरीची लांबी या दोहोंची सरासरी, ४२.४ सेंटीमीटर होते. तिला अर्ध्या सेंटीमीटरने गुणले की २१.२ मिळतात, आणि ७ व ६.५ त्रिज्यांच्या वर्तुळांमधल्या कड्याचे क्षेत्रफळही तेवढेच भरते. म्हणून १४ वेढ्यांची एकूण लांबी ३०८ सेंटीमीटर यायला हवी. आमची ३०५ भरली, कारण ५ मिलिमीटरची दोरी अगदी मध्यात वळत नाही आणि तिथे फट राहते. अशी चूक लपवू नये. ती कुठून आली हे शोधणे हा याच कृतीचा भाग आहे.

हा त्रिकोण प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजला ठाऊक होता. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटानेही एका श्लोकात वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास, असे अचूक सांगितले. 'आमच्या ग्रंथांत सगळे आधीच होते' असे संदेश सर्रास फिरत असल्यामुळे हेही सांगायला हवे, की त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात गोलाच्या घनफळाचा दिलेला नियम चुकीचा असून त्याने उत्तर सुमारे एक तृतीयांशाने जास्त येते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' या गणितग्रंथात बरोबर नियम दिला: पृष्ठफळ (गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ) गुणिले व्यास भागिले ६. एका श्लोकातले बरोबर आणि चूक वेगळे करून दाखवता येणे, यातच गणिताची प्रतिष्ठा आहे.

भास्कराचार्यांचा नियम त्रिज्येत मांडला, तर पृष्ठफळ गुणिले त्रिज्येचा एक तृतीयांश असा होतो. वर्तुळाला निम्मे, गोलाला मात्र एक तृतीयांश, कारण वेढ्यांच्या बाहेरच्या कडेची लांबी १, २, ३ अशी वाढते, तर गोलाच्या थरांचे क्षेत्रफळ १, ४, ९ असे. हे पडताळण्यासाठी भाचीने गेल्या रविवारी कांद्याचे थर सुटे करून आलेखाच्या कागदावर ठेवले. दोरी सरळ होते तसा कांद्याचा थर सपाट होत नाही. दाबला की तो कडेने चिरतो. त्यामुळे तिने प्रत्येक थराचे लहान लहान तुकडे केले आणि ती चौकोन मोजत बसली.