औषधाच्या दुकानातून टपरीच्या फ्रिजमध्ये

एनर्जी ड्रिंक पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: खोकल्याच्या औषधासारखं लागतं. त्याची जीभ फारशी चुकत नाही. हा प्रकार सुरू झाला तोच मुळी औषधांच्या दुकानात.

१९६२ साली जपानच्या ताइशो या औषध कंपनीने लिपोव्हिटान डी बाजारात आणलं. १०० मिलीची तपकिरी बाटली, त्यात १००० मिलिग्रॅम टॉरिन नावाचं अमिनो आम्ल आणि ब गटातली जीवनसत्त्वं. एका दमात संपवायची आणि कामाला लागायचं. औषध म्हटलं की चवीवरून कुणी कुरकुरत नाही, भावावरूनही फारसं घासाघीस करत नाही. (टॉरिन १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं गेलं हे खरं, पण आता ते कारखान्यात तयार होतं. हॉस्टेलवर रंगवून सांगितल्या जाणाऱ्या बाकीच्या कथा सोडून द्याव्यात.)

थायलंडमध्ये चालिओ यूविध्या यांनी १९७० च्या दशकात क्रेटिंग डेंग हे असंच पेय काढलं. गॅस नसलेलं, गोडमिट्ट, रात्रभर गाडी हाकणाऱ्या ट्रकचालकांचं आणि मजुरांचं आवडतं. टूथपेस्ट कंपनीत मार्केटिंग करणारे ऑस्ट्रियाचे दीत्रिश माटेशित्स १९८२ मध्ये बँकॉकला गेले, तेव्हा लांबच्या विमानप्रवासाचा शीण या पेयाने उतरल्याचं त्यांना जाणवलं. १९८४ मध्ये दोघांनी भागीदारी केली आणि १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात रेड बुल विक्रीला आलं. माटेशित्स यांनी त्यात गॅस भरला, गोडवा कमी केला. बाजारात आणण्याआधीच्या चाचणीत लोकांनी चवीला नाकं मुरडली होती, असं सांगितलं जातं. तरीही ते थांबले नाहीत. उलट कॅन बारीक ठेवला आणि किंमत कोलापेक्षा बरीच चढी. मला यातच खरी चलाखी दिसते: औषधासारखी चव आणि औषधासारखा भाव, दोन्ही मिळून ‘यात काहीतरी असणार’ असा भरवसा देतात.

असतं काय? मुख्यतः कॅफीन आणि साखर. युरोप-अमेरिकेतल्या २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि २७ ग्रॅम साखर. दिवसभर मेंदूत साठत जाणारं ॲडिनोसिन झोपेची जाणीव करून देतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. म्हणजे थकवा जात नाही, कळत नाही एवढंच. टॉरिनमुळे वेगळं काही घडतं, याचे पुरावे त्या मानाने पातळ आहेत. एवढ्या कॅफीनसाठी एवढे पैसे का, हा प्रश्न अमेरिकेत थेट कोर्टात गेला. कॉफीच्या कपाहून जास्त काही मिळत नाही, असा ग्राहकांचा दावा होता. २०१४ मध्ये रेड बुलने चूक मान्य न करता १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली.

भारतात ‘पैसे वसूल का’ हा प्रश्न पुढे उलटाच झाला. शंभराच्या वरचा कॅन कॉलेजच्या पोरांना रोज परवडत नव्हता. पेप्सिकोने २०१७ मध्ये स्टिंग आणलं, आणि पुढे २५० मिलीची प्लास्टिकची बाटली २० रुपयांना मिळू लागली. चवीचं म्हणाल तर लालभडक, गोड, सरबताच्या जवळची. औषधाची आठवणही येत नाही. महाग भाव आणि विचित्र चव ही दोन कुंपणं लहान मुलांना आपोआप लांब ठेवत होती, ती एकदमच गेली.

नियम होते. एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, २०१६ मध्ये कॅफीनयुक्त पेयांसाठी लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, म्हणजे २५० मिलीत जास्तीत जास्त ७५. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त पिऊ नये, मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी शिफारस नाही, हेही छापावं लागतं. पण बाटली फिरवून, डोळे बारीक करून वाचावं तेव्हा ते दिसतं, आणि एवढ्याने टपरीवाल्याला कुणाचं वय विचारावं लागत नाही.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांवर विक्रीबंदी आणण्याची घोषणा केली. शाळकरी पोराच्या चालीने हे अंतर सहा-सात मिनिटांचं आहे.