मानवशास्त्राच्या सूच्या कोणी केल्या?

मृतांना पुरण्याची रीत हा विषय घेऊन ग्रंथालयात गेलात तर पहिली अडचण येते ती कपाटांची. मेल्व्हिल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण १८७६ साली आले. त्याच्या आजच्या आवृत्तीत मृत्यूच्या चालीरीती ३९३ या आकड्याखाली आहेत. पण त्याच समाजाचे रोजचे जगणे ३०६ मध्ये, सर्वसाधारण मानवशास्त्र ३०१ मध्ये, थडग्यातल्या हाडांचा अभ्यास ५९९.९ मध्ये आणि ते थडगे उकरणाऱ्यांचे पुरातत्त्व ९३०.१ मध्ये. खड्डा एकच, त्यातून निघालेली माहिती मात्र ग्रंथालयाच्या चार कोपऱ्यांत. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाची पद्धत वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. तिथे मानवशास्त्राला जीएन आणि पुरातत्त्वाला सीसी ही अक्षरे आहेत खरी, पण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पुरातत्त्व अमेरिकेच्या इतिहासाच्या ई विभागात जाऊन बसले आहे.

आणि हे फक्त पुस्तकांचे झाले. या दोन शास्त्रांचे बरेचसे लिखाण नियतकालिकांत, संग्रहालयांच्या वार्तापत्रांत, परिषदांच्या कामकाजात आणि उत्खननांच्या अहवालांत आहे. सर्वसाधारण सूच्यांना ते पेलले नाही, म्हणून या शास्त्रांनी स्वतःच्या सूच्या केल्या. आज शोधचौकटीत दोन शब्द टाकले की जे समोर येते, त्याच्या मागे या सूच्या आहेत. त्या कोणी केल्या, कशासाठी केल्या आणि त्यांच्या हाताशी काय होते, हे माहीत असेल तर आपल्याला काय सापडत नाही याचाही अंदाज येतो.

हार्वर्ड विद्यापीठाचे पीबडी हे मानवशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे संग्रहालय १८६६ साली स्थापन झाले. त्याच्या ग्रंथालयाने एक चिकाटीचे काम हाती घेतले. नुसत्या पुस्तकांची नव्हे, तर येणाऱ्या नियतकालिकांतल्या प्रत्येक लेखाची कार्डे करायची, लेखकाच्या नावाने आणि विषयाच्या नावाने. कार्डांची कपाटे वाढत गेली. ती उचलून कोणाला देता येत नव्हती, म्हणून १९६३ मध्ये जी. के. हॉल या प्रकाशकाने कार्डे जशीच्या तशी छापून पन्नासहून अधिक जाडजूड खंड काढले. माया संस्कृतीचे अभ्यासक आल्फ्रेड टोझर यांचे नाव पुढे या ग्रंथालयाला मिळाले. १९७९ पासून तिथून ‘अँथ्रॉपॉलॉजिकल लिटरेचर’ ही लेखसूची निघू लागली. लंडनमध्ये रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटची अशीच सूची साठच्या दशकात सुरू झाली होती आणि त्या संस्थेचा ग्रंथसंग्रह पुढे ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. आज ‘अँथ्रॉपॉलॉजी प्लस’ या नावाने जो डेटाबेस विद्यापीठे विकत घेतात, तो या दोन सूच्यांची बेरीज आहे.

म्हणजे संपूर्ण जगाचा विषय, पण त्याची सूची दोन ग्रंथालयांची. त्यांच्याकडे जे नियतकालिक टपालाने येत राहिले ते नोंदले गेले, जे कधी आलेच नाही ते सूचीत नाही. यात कुणाचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही, पण परिणाम तोच होतो. एखाद्या छोट्या भाषेत, छोट्या शहरात निघणारे लोकजीवनाचे त्रैमासिक डेटाबेसच्या लेखी अस्तित्वातच नसते.

अभिजात पुरातत्त्वाची, म्हणजे ग्रीक-रोमन जगाची, वाट थोडी वेगळी होती. तिथे रोममधल्या जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या ग्रंथालयाची विषयसूची हाच सगळ्यांचा आधार. ती आउगुस्ट माउ यांनी लावली. पॉम्पेईच्या भित्तिचित्रांच्या चार शैली ठरवणारे माउ ते हेच. ज्याला भिंतींवरचे रंग चार खणांत मांडता येतात त्याला पुस्तकेही मांडता यावीत, यात नवल नाही. त्या संस्थेची आजची ऑनलाइन सूची ‘झेनॉन’ आणि फ्रान्समध्ये झ्यूल मारूझो यांनी सुरू केलेली, १९२८ पासून छापली जाणारी ‘लाने फिलोलॉजिक’ ही वार्षिक सूची, या दोन्हींशिवाय त्या क्षेत्रात पान हलत नाही.

आतापर्यंतच्या सूच्या लेखाच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९३७ पासून जे घडले ते त्याच्या पुढचे. त्याची सुरुवात पन्नास वर्षे आधीची आहे. १८८८ साली इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी लंडनच्या मानवशास्त्र संस्थेपुढे एक निबंध वाचला. तीनशे ते चारशे समाजांतल्या विवाह आणि वंशाच्या चालींची मोजदाद करून कोणती चाल कोणत्या चालीसोबत येते हे त्यांनी दाखवले. सभेत संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन होते. त्यांनी विचारले, हे समाज खरेच स्वतंत्र आहेत, की एकाने दुसऱ्याकडून चाल उचलली आहे? तसे असेल तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजता आहात. या आक्षेपाला आजही ‘गॉल्टनचा प्रश्न’ म्हणतात आणि तो पुरता सुटलेला नाही.

टायलर यांना ही मोजदाद करायला असंख्य पुस्तके एकट्याने चाळावी लागली. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी १९३७ मध्ये येलला ‘क्रॉस-कल्चरल सर्व्हे’ सुरू केला तो हे कष्ट एकदाच करून ठेवण्यासाठी. मिशनरी, प्रवासी, प्रशासक आणि मानवशास्त्रज्ञ यांची वर्णने घ्यायची, प्रत्येक परिच्छेद वाचायचा आणि त्यात कशाची माहिती आहे तो विषयक्रमांक समासात लिहायचा. लग्नविधीला ५८५, अंत्यसंस्काराला ७६४. एका पानावर पाच विषय असतील तर त्या पानाच्या पाच प्रती निघत आणि पाच ठिकाणी लागत. शिवाय सलग वाचणाऱ्यासाठी ११६ या क्रमांकाखाली अख्खा मजकूर वेगळा ठेवलेला असे. संगणक नसताना केलेला हा परिच्छेदवार शोध होता आणि तो माणसांनी वाचून केलेला होता. लेखात ‘लग्न’ हा शब्दही नसेल, नुसते वऱ्हाड निघाल्याचे वर्णन असेल, तरी तो परिच्छेद ५८५ मध्ये सापडतो. नुसते शब्द जुळवणाऱ्या यंत्राला हे जमत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या कपाटांना अचानक भाव आला. पॅसिफिक बेटांवर उतरणाऱ्या अमेरिकी नौदलाला तिथल्या लोकांची माहिती हवी होती. मर्डॉक स्वतः नौदलात दाखल झाले आणि बेटांच्या प्रशासनासाठी हस्तपुस्तिका तयार झाल्या. १९४९ मध्ये पाच विद्यापीठांनी मिळून न्यू हेवनला ‘ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स’ ही संस्था उभी केली. तिचा संग्रह कागदावरून सूक्ष्मचित्रांवर, मग सीडीवर आणि नव्वदच्या दशकात इंटरनेटवर गेला. आजचे ‘ईएचआरएएफ’, म्हणजे या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांआधी इलेक्ट्रॉनिकचा ई, ते हेच. क्रमांक मात्र अजून मर्डॉक यांच्या आराखड्यातलेच आहेत. त्यांनी १९६९ मध्ये डग्लस व्हाइट यांच्यासह १८६ समाजांचा एक नमुनासंच निवडला तो गॉल्टन यांच्या आक्षेपाला शक्य तितके उत्तर म्हणून, एकमेकांपासून दूरचे समाज घेऊन. मर्डॉक यांच्या तक्त्यांवर आजही संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ निबंध लिहितात. मूळ परिच्छेद कोणत्या मिशनऱ्याने, कोणत्या वर्षी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला होता हे त्यातले किती जण उघडून पाहतात, हा वेगळा प्रश्न.

पुरातत्त्वाचे दुखणे नेमके उलटे. मानवशास्त्रात छापलेले सापडत नव्हते, इथे लिहिलेले छापलेच जात नव्हते. अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्याने सरकारी पैशाच्या वा परवानगीच्या बांधकामाआधी तिथल्या वारशाचा विचार करणे बंधनकारक झाले. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९९० च्या नियोजन मार्गदर्शिकेनंतर जो इमारत बांधणार त्यानेच उत्खननाचा खर्च उचलायचा अशी रीत पडली. उत्खनने विद्यापीठांच्या हातून कंत्राटी पथकांकडे गेली आणि त्यांची संख्या कैक पटींनी वाढली. प्रत्येकाचा अहवाल निघे. चार-पाच प्रती, एक बांधकामवाल्याला, एक स्थानिक कार्यालयाला, बाकीच्या पथकाच्या कपाटात. याला या क्षेत्रात ग्रे लिटरेचर म्हणतात. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी ब्रिटन-आयर्लंडच्या प्रागितिहासावरचे आपले २००७ चे पुस्तक लिहिण्याआधी कार्यालये आणि पथके पालथी घालून हे अहवाल वाचले. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रात न बसणाऱ्या वसाहती त्यांत होत्या. इतकी वर्षे त्या फायलींतच राहिल्या होत्या.

यॉर्क विद्यापीठातली ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ १९९६ ची. तिचा पहिला हेतू अहवाल वाचायला देणे हा नव्हताच. उत्खननाचे संगणकीय नकाशे, मोजमापांचे तक्ते आणि छायाचित्रे फ्लॉपीवर पडून नष्ट होत होती, ती वाचवायची होती. उत्खनन एकदाच करता येते, खणलेला थर परत खणता येत नाही, त्यामुळे नोंद गेली की स्थळच गेले. अहवालांचा मोठा मुक्त साठा तिथे पुढे जमत गेला. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा ‘टीडार’ हा डिजिटल साठा आणि स्थळांचे मूळ तक्ते तपासून प्रसिद्ध करणारा ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ हे याच वाटेवरचे. कार्बन-१४ च्या, म्हणजे अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयाच्या, तारखांचेही असेच झाले. १९५९ पासून ‘रेडिओकार्बन’ या नियतकालिकात प्रयोगशाळांच्या याद्या छापून येत, पण तारखांचा पूर इतका वाढला की आता त्यांचे स्वतंत्र डेटाबेस आहेत.

नियतकालिकांच्या डिजिटल साठ्यांबद्दल फार लिहायला नको, कारण ते सर्वांना ठाऊक आहेत. जेस्टोर नव्वदच्या दशकात मेलन फाउंडेशनच्या पुढाकाराने सुरू झाले ते ग्रंथालयांच्या फळ्या रिकाम्या करण्यासाठी. त्यामुळे तिथे जुने अंक भरपूर, पण बऱ्याच नियतकालिकांची शेवटची तीन-पाच वर्षे गायब असतात. अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनचे ‘अँथ्रोसोर्स’ आधी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे होते, ते २००८ पासून वायली या प्रकाशकाकडे गेले. गूगल स्कॉलर २००४ चे. त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही, पण आत नेमके काय आहे याची यादी ते देत नाही. मी तिथे सुरुवात करतो, शेवट तिथे करत नाही.

कोणताही डेटाबेस उघडला तरी नावांचा गुंता सुटत नाही. ज्यांना आज इन्युइट म्हणतात त्यांच्यावरचे शंभर वर्षांचे लिखाण ‘एस्किमो’ या शब्दाखाली आहे. खोइखोइंवरचे ‘हॉटेन्टॉट’ खाली, सान लोकांवरचे ‘बुशमेन’ खाली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे क्वाक्वाक्यावाक्व जुन्या ग्रंथांत ‘क्वाकिउट्ल’ आहेत. यातली काही नावे अपमानकारक आहेत आणि ती सोडून दिली गेली हे योग्यच झाले. पण शोधताना ती टाकली नाहीत तर जुने लिखाण हाती लागत नाही, आणि नुसती तीच टाकली तर त्या लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेले नवे लिखाण निसटते. दोन्ही नावे, शेजाऱ्यांनी दिलेले नाव, वसाहतकाळातले स्पेलिंग आणि फ्रेंच वा जर्मन रूप, इतके सगळे एका कागदावर आधी लिहून घेणे हा माझा पहिला अर्धा तास असतो. टोझर किंवा येलच्या सूचीत हा त्रास कमी होतो, कारण कुणीतरी आधीच ती नावे एकमेकांना जोडून ठेवलेली असतात.

काही गोष्टी मात्र मुद्दाम सापडू नयेत अशाच ठेवल्या आहेत. अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्व संपदा कायद्यानुसार सरकारी जमिनीवरच्या स्थळांचे नेमके ठिकाण सहसा उघड करत नाहीत, कारण यादी वाचून पहिले पोचतात ते चोर. त्यामुळे नकाशावरचा ठिपका कित्येकदा जाणूनबुजून थोडा सरकवलेला असतो. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगु लोकांसोबत झालेल्या कामातून ‘मुकुर्तु’ ही संग्रहप्रणाली तयार झाली. तिच्यात कोणते छायाचित्र कोणी पाहायचे हे त्या समाजाच्या चालीप्रमाणे ठरते. एखादे चित्र फक्त बायकांसाठी असते, एखादे फक्त त्या कुटुंबासाठी, आणि मृत व्यक्तीचे चित्र दिसण्याआधी सूचना येते. परक्या संशोधकाला तिथे कितीतरी नोंदी बंद दिसतात.