हावड्याचा उघडणारा पूल : पार्श्वभूमी

हुगळीवरचा हावड्याचा पोलादी पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी खुला झाला. त्याआधी सुमारे सत्तर वर्षं इथे पाँटूनांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ तराफ्यांवर, उभा असलेला पूल होता. खोल गाळामुळे कलकत्त्यापाशी पूल व्यवहार्य नाही, असा अहवाल १८६२ मध्ये आला होता; त्यावर हा तोडगा निघाला. मार्च १८७४ च्या वादळात सुटलेली आगबोट अर्धवट पुलावर आदळून तीन पाँटून बुडाले, तरी ऑक्टोबरमध्ये पूल सुरू झाला.

लांबी १५२८ फूट. मोठं जहाज आलं की मधला सुमारे २०० फुटांचा भाग सोडवून बाजूला नेत. तोवर रस्ता बंद. १९०६ पर्यंत हे फक्त दिवसाच चाले, म्हणजे ऐन रहदारीत. त्या वर्षी जूनपासून इतर नौकांसाठी पूल रात्री उघडू लागला, पण समुद्रगामी आगबोटींची वेळ दिवसाचीच राहिली.

वादग्रस्त ठरावा असा निर्णय याच काळातला. नव्या पुलासाठी नेमलेल्या समितीने मोठ्या फेरीबोटी, बोगदा, खांबांवरचा पूल, कमानीचा पूल असे पर्याय तपासले आणि पुन्हा तरता पूलच निवडला. खांबांनी प्रवाह अडेल, गाळ साचून बंदर बुजेल, ही भीती खरी होती. तरता पूल स्वस्तही पडत होता. पण २७ ऑगस्ट १९०६ च्या मोजणीत पुलावरच्या वाहनांपैकी तेरातली आठ बैलगाड्या निघाल्या. भरती-ओहोटीबरोबर पूल वरखाली होई, काठाकडचा उतार बदले. ओहोटीला भरलेली गाडी तिथून वर काढताना बैलांचा जीव मेटाकुटीला येई आणि मागची सगळी रांग खोळंबे. हे सगळं समोर असूनही बंदराची सोय वरचढ ठरली. शहरावर हा अन्यायच होता.

२३ कंपन्यांकडून आराखडे मागवले, ३००० पौंडांचं बक्षीस लावलं. पहिल्या महायुद्धाने सारं थांबवलं. हा उशीर पथ्यावरच पडला म्हणायचा. १९२१ मध्ये नवी समिती बसली, १९२६ मध्ये कायदा झाला, १९३० मध्ये खांबांचा प्रश्न पुन्हा तपासला गेला. अखेर पात्रात एकही खांब न रोवता दोन मनोऱ्यांमध्ये १५०० फुटांचं अंतर साधलं. पोलाद लागलं २६,५०० टन, त्यातलं बहुतेक भारतात तयार झालेलं. प्रवाह मोकळा राहिला आणि रस्ता बंद ठेवण्याची वेळ संपली. १९६५ मध्ये पुलाला रवींद्र सेतू नाव मिळालं, १९९३ मध्ये त्यावरची ट्राम बंद झाली.