‘कर नाही त्याला डर कशाला?’ दुकानातल्या कॅमेऱ्यांना हे लागू नाही

चोरी न करणाऱ्याला चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या ‘राइट एड’ या औषध दुकानांच्या साखळीचं प्रकरण बघा. 2012 ते 2020 या काळात तिच्या शेकडो दुकानांत ही यंत्रणा होती, आणि ग्राहकांना त्याचा पत्ताही नव्हता. संशयितांच्या यादीत हजारो चेहरे, त्यातले बरेच फोटो सीसीटीव्हीतून किंवा कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवरून घेतलेले, धूसर. अशा फोटोशी ‘जुळला’ असा इशारा आला की कर्मचारी त्या माणसाच्या मागे फिरायचे, बाहेर काढायचे, कधी पोलिसांना बोलवायचे.

ग्राहकांचं हित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, फेडरल ट्रेड कमिशनच्या, तक्रारीनुसार अशाच चुकीच्या इशाऱ्यावरून 11 वर्षांच्या एका मुलीची झडती घेतली गेली. तिने काय केलं होतं? काहीच नाही. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्त्यांतल्या दुकानांत चुकीचे इशारे जास्त येत, म्हणजे संशयाचा भार सगळ्यांवर सारखा नव्हता. मला यात सर्वांत गंभीर हेच वाटतं.

डिसेंबर 2023 मध्ये कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीवर हे तंत्रज्ञान वापरायला पाच वर्षांची बंदी आली. साठवलेले फोटो आणि त्यांवरून घडवलेले अल्गोरिदमही नष्ट करायला सांगण्यात आलं.