संस्थाचालकाचा वेळ कुणाच्या मालकीचा? वीस वर्षांच्या बांधिलकीपासून मार्चअखेरपर्यंत

बाळ गंगाधर टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. आगरकरांशी असलेले सामाजिक सुधारणेचे मतभेद हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. दुसरं कारण तितकं सांगितलं जात नाही, कारण ते रुक्ष आहे. आजीव सदस्याने, म्हणजे सोसायटीला दीर्घकाळ बांधून घेतलेल्या शिक्षकाने, बाहेरची कामं किती करावीत आणि बाहेरून मिळणारा पैसा कुणाचा, हा तो वाद. टिळकांची भूमिका कडक होती. ठरलेलं वेतन घ्यायचं आणि उरलेली सगळी शक्ती, सगळा वेळ, सगळी वरकमाई संस्थेची मानायची, जेसुइट पाद्री करतात तसं. त्याच वर्षी सोसायटीचेच आजीव सदस्य गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीस झाले आणि वाद टोकाला गेला.

सेवाभावी संस्थांच्या संचालकांसाठी आज व्यूहात्मक नियोजनाच्या (स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगच्या) आणि वेळेच्या व्यवस्थापनाच्या ज्या कार्यशाळा होतात, त्यांची महाराष्ट्रातली मुळं शोधायची तर या भांडणापाशी यावं लागतं. १८८४ साली स्थापन झालेल्या या सोसायटीत आजीव सदस्य वीस वर्षं काम करण्याची हमी देत. त्यांची योजना कुठल्या आराखड्यात लिहिलेली नसे. माणूस वीस वर्षांसाठी बांधला गेला की शाळा, मग महाविद्यालय, मग वसतिगृह असा क्रम आपोआप आखला जाई. कारभार आजीव सदस्यांच्या मंडळाकडे असल्यामुळे एक जण बाहेर पडला तरी दुसरा ती जागा घेत असे.

टिळकांची जागा कुणी घेतली हे पाहिलं तर इतिहासाला विनोदबुद्धी असते असं वाटतं. सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. पाचच वर्षांत, म्हणजे १८९६ साली, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर महाविद्यालयातले तास संपवून ते पायी तिकडे जात. निवृत्त झाले ते १९१४ साली आणि महिला विद्यापीठ निघालं १९१६ साली. म्हणजे उमेदीची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी एका संस्थेचा पगार घेत दुसरी संस्था उभी केली. टिळकांचा नियम तंतोतंत पाळला गेला असता तर हे जमणं कठीण होतं. माझ्या मते त्या वादात तत्त्व टिळकांच्या बाजूने होतं आणि निकाल कर्व्यांच्या.

गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तेव्हा मात्र पूर्णवेळ बांधिलकीचा नियम त्यांनी स्वतःच घातला. नव्या सदस्याला पाच वर्षं शिकाऊ उमेदवारी. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी सांगितलं होतं की वर्षभर देश बघा, जाहीर बोलू नका. काम सुरू करण्याआधी नुसतं बघण्यासाठी एक वर्ष! आज कुठल्याही प्रपोजलमध्ये ही ओळ टाकून पाहा, डोनर पहिल्याच वाचनात ती कापेल.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, कायदा आला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्त, लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की करायचा चेंज रिपोर्ट हे संस्थांच्या रोजच्या जगण्यात आणलं. विदेशी देणग्यांवरचा कायदा १९७६ साली, आणीबाणीत आला. दुसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. सदस्य मंडळाच्या जागी एक माणूस, बरेचदा एक दांपत्य, केंद्रस्थानी आलं. आनंदवनात बाबा आणि साधनाताई आमटे, जामखेडला १९७० पासून ग्रामीण आरोग्याचं काम करणारं आरोळे हे डॉक्टर दांपत्य, गडचिरोलीत १९८६ पासून डॉक्टर अभय आणि राणी बंग. या कामांची उंची वादातीत आहे. पण हा साचा शेकडो लहान संस्थांनी उचलला, आणि तिथे संस्थापकाचा दिवस हीच संस्थेची क्षमता होऊन बसली. तहसीलदाराला तेच भेटणार, माणसांची निवड तेच करणार, चेकवर सही त्यांचीच आणि लग्नाच्या आमंत्रणालाही तेच जाणार.

नियोजनाची आजची भाषा याच काळात बाहेरून आली. अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी १९६९ च्या सुमारास लॉगफ्रेम तयार झाली. तिच्यात उद्दिष्ट, निष्पत्ती, इंडिकेटर (मोजमापाच्या खुणा) आणि गृहीतकं एका तक्त्यात बसवलेली असतात. जर्मनीच्या जीटीझेड या मदतसंस्थेने १९८० च्या दशकात तिलाच सहभागी बैठकांची जोड दिली. कंपन्यांमध्ये रुळलेलं व्यूहात्मक नियोजनही त्याच दशकात अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांत शिरलं, आणि १९९० साली व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या नावाने तिथे अशा संस्थांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघालं. आपल्याकडे हे सगळं देणगीदारांच्या फॉर्ममधून पोहोचलं. तक्ता वाईट नव्हता. तक्त्यासोबत प्रकल्पाच्या निधीला तीन वर्षांची मुदत आली, ती मात्र अनेक कामांना तोकडी होती.

किती तोकडी, याचं उदाहरण गडचिरोलीतच आहे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. हा प्रयोग ३९ गावांत झाला आणि त्याची तुलना ४७ गावांशी केली गेली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली २०११ साली. संस्था निघाल्यापासून पंचवीस वर्षं. तीन वर्षांच्या कुठल्या प्रकल्पाच्या शेवटच्या अहवालात हा परिणाम दिसला असता?

पुढच्या काही वर्षांत मुदत आणखी आखडली. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. लहान संस्थांना पैशाचा नवा झरा मिळाला, पण तो आर्थिक वर्षाच्या तालावर वाहतो. जानेवारीत फोन येतो, फेब्रुवारीत करार होतो आणि मार्चअखेर यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं प्रमाणपत्र, हवं असतं. २०२० साली विदेशी देणगी कायद्यातल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी केली आणि प्रत्येकाला दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढायला लावलं. मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळवणाऱ्या तालुक्याच्या संस्थांची वाट तिथेच बंद झाली.

अशा संस्थेच्या सचिवाचं वर्ष आता असं जातं: ३१ मेपर्यंत देणगीदारांचा तपशील प्राप्तिकर खात्याकडे, सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण, ३१ डिसेंबरपर्यंत विदेशी निधीचं विवरण, अधूनमधून प्रत्येक कंपनीचा तिमाही अहवाल तिच्या वेगळ्या नमुन्यात. डोनर गावातल्या कामाला पैसे देतो, हिशेबनिसाच्या पगाराला देताना हात आखडता घेतो. म्हणून हे सगळं रात्री सचिवच करतो. त्याला पहाटे पाचला उठायला आणि कामांची ‘तातडीची’ व ‘महत्त्वाची’ अशी वर्गवारी करायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला हे वेळापत्रक आधी दाखवायला हवं. यातली बहुतेक तातडी त्याने निर्माण केलेली नाही.

एक लहानशी सूट अलीकडे मिळाली आहे. २०२१ पासून प्राप्तिकरातल्या सवलतीसाठीची नोंदणी संस्थांना दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागत होती. १ एप्रिल २०२५ पासून, आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांसाठी ही मुदत दहा वर्षांची झाली.