जानेवारीत कॉलेज: खेळाडूंच्या अर्ध्या वर्षाची पार्श्वभूमी

माझी भाची खो-खो खेळते. शिबिरं आणि स्पर्धा सांभाळत तिनं बारावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून केली, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसून. निकाल हाती आला तेव्हा बडोद्यात थंडी होती. एका कॉलेजच्या खिडकीवर कारकुनांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली आणि परत सरकवली. "बेन, हवे जूनमां आवजो." म्हणजे, ताई, आता जूनमध्ये या. बाहेर पडताना तिनं विचारलं, "मामा, तोवर मी खेळू कुणाकडून?"

प्रश्न रास्त होता. जूनची ही चौकट आली कुठून, ते मी शोधत गेलो.

बडोदा कॉलेज १८८१ चं, मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा वर्षाच्या शेवटी होई. गांधीजी नोव्हेंबर १८८७ मध्ये मॅट्रिकला बसले आणि जानेवारी १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. म्हणजे ज्याला आज आपण अधलामधला प्रवेश म्हणतो, तो तेव्हाचा सरळ प्रवेश होता! पुढे वेळापत्रक सरकलं. विनोबा बडोदा कॉलेजातून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले, ते मार्च १९१६ मध्ये. मार्चमध्ये परीक्षा, मग उन्हाळ्याची सुट्टी, पावसाबरोबर नवं वर्ष, ही घडी आपल्या अंगवळणी पडली ती अशी.

खेळ मात्र आपल्या ऋतूनंच चालले. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी १९३५-३६ पासून सुरू झाली आणि हंगाम राहिला थंडीचा. विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची भागीदारी बडोद्यातच झाली, होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात, मार्च १९४७ मध्ये. अंगात सर्वांत जास्त खेळ असतो ते महिने आणि परीक्षेचे महिने एकच. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ संघ मिळाले, पण ही ओढाताण तशीच राहिली.

त्यात पात्रतेचा नियम. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ लागतो आणि वय पंचवीसच्या आत. पात्रता अर्जावर फोटो, त्यावर अर्धा उमटलेला कॉलेजचा शिक्का, प्राचार्यांची सही, सोबत बोनाफाइड. इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, जानेवारीचा प्रवेश कित्येक वर्षं मिळतो, पण तो दूरशिक्षणाचा. त्यावर हा शिक्का बसत नाही.

अमेरिकेत हीच गाठ वेगळ्या तऱ्हेनं सुटली. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुख्य संघात पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची मुभा १९७२ मध्ये मिळाली. त्याआधी लवकर येऊन फायदा नव्हता. नंतर शाळा डिसेंबरमध्येच संपवून जानेवारीत कॉलेजात यायची चाल हळूहळू रुळली. त्यांच्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबरचा; जानेवारीत आलेला मुलगा वसंतातल्या पंधरा सराव सत्रांना हजर राहतो आणि हंगाम उघडेपर्यंत संघात मुरलेला असतो. २०१७ पासून डिसेंबरातच कॉलेजशी करारावर सही करायची सोय झाली, तेव्हा वाट आणखी रुंद झाली. त्यासाठी शाळेचं शेवटचं अर्धं वर्ष, निरोप समारंभ, मित्र मागे सोडावे लागतात. सतरा-अठराव्या वर्षी हे सोपं नसतं.

आपल्याकडे जून २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं वर्षातून दोनदा प्रवेश द्यायची परवानगी दिली: जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. सक्ती नाही, ज्या विद्यापीठाला झेपेल त्यानं करावं. झेपण्याचा प्रश्न खरा आहे. पहिलं सत्र जुलैतच शिकवलं जात असेल तर जानेवारीत आलेल्या मुलीनं बसायचं कुठल्या वर्गात? दुसऱ्या सत्राचे विषय पहिल्यावर उभे असतात. दोन्ही वेळी पहिलं सत्र चालवायचं तर शिक्षक हवेत, खोल्या हव्यात, परीक्षाही दोनदा. यावर खर्च केल्याशिवाय परवानगी कागदावरच राहील, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुष्कळ पालक विचारतात, जानेवारीत आंतरविद्यापीठ हंगाम संपत आलेला असतो, मग प्रवेश घेऊन काय मिळणार? मला वाटतं, मिळतो तो सराव. प्रशिक्षक मिळतात, मैदान मिळतं, आणि पुढच्या हंगामात जिच्या शेजारी बसायचं ती मुलगी आधी ओळखीची होते. खो-खोत ही ओळख फार मोठी. खो पाठीमागून येतो, तो कुणाच्या हाताचा आहे हे न बघता उठायचं असतं.

भाचीनं शेवटी जूनमध्येच प्रवेश घेतला. मधले महिने ती पहाटे घराजवळच्या मैदानावर जायची. धावून व्हायचं, खांबाचे वळसे व्हायचे, सूर मारून व्हायचे. खो द्यायला मात्र चौकोनात कुणी बसलेलं नसायचं.